व्यस्त अपास्तीय फलनांचे संख्यात्मक मूल्यन

नाशिक नगर विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे २० अंशांवर वसलेले आहे. मर्केटरच्या प्रक्षेपावर काढलेल्या नकाशात ते विषुववृत्तापासून किती उंचीवर दाखवावे, हा प्रश्न दिसावयास भूगोलाचा असला तरी त्याचे उत्तर एका व्यस्त अपास्तीय फलनात आहे. अक्षांशाची स्पर्शज्या क्ष मानली, तर इष्ट उंची म्हणजे क्ष ची व्यस्त अपास्तीय ज्या गुणिले पृथ्वीची त्रिज्या होय. संगणकाच्या पडद्यावर आज जे नकाशे पाहावयास मिळतात, त्यांपैकी बहुतेकांच्या मुळाशी हेच गणित असते.

या फलनाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. मर्केटरने आपला नकाशा १५६९ मध्ये प्रसिद्ध केला; परंतु अक्षवृत्तांमधील अंतरे कोणत्या नियमाने वाढवावीत याचे कोष्टक एडवर्ड राइटने १५९९ मध्ये दिले. कलेकलेच्या अंतराने छेदनज्यांची बेरीज करीत जाऊन त्याने ते सिद्ध केले होते. नेपियरची लॉगरिथमे १६१४ पर्यंत प्रकाशात यावयाची होती, आणि अपास्तीय फलनांस तर नावेदेखील अठराव्या शतकात मिळाली. राइटचे अंक लॉगरिथमांच्या कोष्टकाशी जुळतात, हे हेन्री बाँड याच्या ध्यानात १६४५ च्या सुमारास आले. सिद्धता जेम्स ग्रेगरीने १६६८ मध्ये दिली. सारांश, ज्या फलनाचे मूल्य आज एका आज्ञेसरशी मिळते, ते प्रथम केवळ बेरजेने काढले गेले, आणि त्या बेरजेत अंकहानीचा धोका नव्हता. तो धोका सूत्राबरोबर आला.

सूत्र सर्वपरिचित आहे. क्ष चा वर्ग व, आणि १ + व चे वर्गमूळ स मानल्यास,

य = लॉ (क्ष + स)

येथे लॉ म्हणजे स्वाभाविक लॉगरिथम. बैजिक दृष्ट्या हे सूत्र क्ष च्या प्रत्येक वास्तव मूल्यास सत्य आहे. नाशिकसाठी ते सात सार्थ अंकांत चालवून पाहावे. क्ष = ०.३६३९७०२, स = १.०६४१७८, बेरीज १.४२८१४८ आणि य = ०.३५६३७८५. यास ६३,७८,१३७ मीटर या त्रिज्येने गुणले असता सुमारे २,२७३ किलोमीटर उंची येते. उत्तर निर्दोष आहे. दक्षिणेस २० अंशांवरील स्थळासाठी तेच सूत्र −०.३५६३७८१ देते, म्हणजे फरक सातव्या स्थानी, कोणाच्या नजरेत न भरणारा. आपल्या गावाचा अक्षांश घालून आज्ञावली पारखून पाहणारा विद्यार्थी येथेच समाधान पावतो.

आता नकाशाच्या टोकाला जावे. संगणकीय नकाशे चौरस राहावेत म्हणून सुमारे ८५.०५११ अंशांवर छाटलेले असतात. त्या ठिकाणी य चे मूल्य नेमके पाय असते. उत्तरेकडे क्ष = ११.५४८७४, स = ११.५९१९५, बेरीज २३.१४०६९ आणि य = ३.१४१५९३. दक्षिणेकडे मात्र क्ष ऋण असल्याने बेरजेची वजाबाकी होते: ११.५९१९५ मधून ११.५४८७४ गेले म्हणजे उरले ०.०४३२१. सातांपैकी चारच अंक शिल्लक राहिले. लॉगरिथम घेता −३.१४१६८३ मिळते. नकाशावर ही चूक ५७८ मीटरांची आणि तेथील प्रमाण ध्यानी घेता भूमीवर सुमारे ५० मीटरांची आहे. क्ष = −१०,००० घेतल्यास स देखील सात अंकांत १०,०००.०० च येतो, बाकी शून्य उरते, आणि शून्याचे लॉगरिथम मागितले जाते.

देवळालीचे शिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी वजाबाकीचा एक निराळाच चमत्कार दाखविला होता: सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घेऊन तिच्या अंकांच्या उतरत्या मांडणीतून चढती मांडणी पुन्हा पुन्हा वजा करीत गेल्यास अखेर ६१७४ येते. ती वजाबाकी कोठूनही निघाली तरी ठरलेल्या मुक्कामी पोचते. प्रस्तुत वजाबाकी प्रवासात शिदोरीच गमावते.

ऋण मूल्यांवरील उपाय सोपा आहे. हे फलन विषम असल्याने क्ष चे केवलमूल्य घेऊन गणन करावे व चिन्ह शेवटी लावावे. याने दक्षिण गोलार्ध सुधारतो, परंतु विषुववृत्ताचा परिसर सुधारत नाही. क्ष = ०.०००१ असता स सात अंकांत १.०००००० येतो, बेरीज १.०००१०० होते आणि य = ०.००००९९९९५. खरे मूल्य ०.०००१ पासून सात अंकांत भिन्न नाही. पाचव्या सार्थ अंकापासूनच उत्तर बिघडले, याचे कारण १ मिळविताक्षणी क्ष चे मागील अंक पुसले गेले. नकाशाच्या दृष्टीने ही त्रुटी तीन सेंटिमीटरांची, म्हणून क्षुल्लक होय. पण याच मूल्याने पुढे भागावयाचे असल्यास ती क्षुल्लक राहत नाही.

म्हणून सूत्राचे रूपच बदलावे लागते. स − १ ही वजाबाकी न करता तिच्या जागी व ÷ (१ + स) लिहावे; दोन्ही समान आहेत, पण दुसऱ्यात काही वजा होत नाही. मग ट = क्ष + व ÷ (१ + स) मानल्यास य = लॉ (१ + ट). आता १ + ट चे लॉगरिथम ही बेरीज उघडपणे न करता कसे काढावे? त्यासाठी एक नामी युक्ती आहे. बेरीज करून पूर्णांकित झालेली संख्या उ मानावी; उ = १ असेल तर उत्तर ट; नसेल तर लॉ (उ) ला ट ने गुणून उ − १ ने भागावे. लॉ (उ) आणि उ − १ यांचे गुणोत्तर १ जवळ अत्यंत मंद गतीने बदलते, त्यामुळे उ मधील त्रुटी अंश व छेद या दोहोंत सारखीच शिरते आणि निघून जाते. वरील उदाहरणात ट = ०.०००१००००५, उ = १.०००१००, गुणाकार-भागाकारानंतर ०.०००१००० हे अचूक उत्तर हाती येते. चुकीच्या उ पासून बरोबर उत्तर मिळते, हे प्रथमदर्शनी जादूसारखे वाटते.

अतिशय मोठ्या क्ष साठी अडचण निराळी. दुहेरी अचूकतेच्या अंकनाची मर्यादा १० च्या ३०८ व्या घाताच्या आसपास आहे. क्ष हा १० चा १५५ वा घात असला तर त्याचा वर्ग मर्यादेबाहेर जातो. वस्तुतः उत्तर अवघे ३५७.६ आहे. तेथे लॉ (क्ष) + लॉ (२) एवढेच पुरे. सन कंपनीच्या १९९३ च्या गणितीय ग्रंथालयात ही सर्व क्षेत्रे विभागलेली आढळतात: २ चा २८ वा घात ओलांडल्यावर हे शेवटचे रूप, त्याच्या व्यस्ताहून लहान असल्यास उत्तर क्ष हेच, आणि मध्ये आणखी दोन रूपे. सी भाषेच्या १९९९ च्या प्रमाणकात ही फलने व लॉ (१ + ट) यांचा समावेश झाला. जावास्क्रिप्टमध्ये ती २०१५ च्या आवृत्तीत आली. ग्रंथालयातील फलन उपलब्ध असता सूत्र स्वहस्ते लिहिण्याचे प्रयोजन उरत नाही.

व्यस्त अपास्तीय कोज्येची गोष्ट मात्र वेगळी आहे. एकलहरे येथील विद्युत्केंद्रातून निघणाऱ्या वाहिन्यांच्या तारा दोन मनोऱ्यांमध्ये लोंबत्या साखळीच्या वक्रात राहतात. तारेच्या मध्यातील झोळ आणि वक्राचा स्थिरांक यांचा भागाकार ट असल्यास, समपातळीवरील मनोऱ्यांमधील अर्धे अंतर म्हणजे स्थिरांक गुणिले १ + ट ची व्यस्त अपास्तीय कोज्या होय. ट लहान असता हे मूल्य २ट च्या वर्गमूळाजवळ असते. आता १ + ट ही संख्याच पूर्णांकित करून फलनाकडे पाठविली, तर ट चे मागचे अंक फलनाच्या हाती पडण्यापूर्वीच नष्ट झालेले असतात आणि कोणतेही ग्रंथालय ते परत आणू शकत नाही. येथे दोष सूत्राचा नसून प्रश्न मांडण्याचा आहे. तारेच्या गणनात ती बेरीज करूच नये. ट मध्ये २ट + टचा वर्ग याचे वर्गमूळ मिळवावे आणि ती बेरीज वर सांगितलेल्या लॉ (१ + ट) च्या युक्तीत ट च्या जागी घालावी.