नवं भिंग, जुनं चित्रण

चष्म्याच्या दुकानात डोळे तपासले की चिठ्ठीच्या कोपऱ्यात एक आकडा लिहिलेला असतो : पीडी. म्हणजे दोन डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये. प्रौढ माणसांत ते सरासरी ६३ च्या आसपास असतं, आणि बहुतेकांचं ५० ते ७५ च्या दरम्यान. चष्मा करणारा तो आकडा पाहतो. आपण कधी पाहत नाही. घरातला व्हीआर हेडसेट बदलून नवा घ्यावा का, हा प्रश्न आमच्याकडे निघाला तेव्हा मी मात्र सुरुवात या आकड्यापासून केली. माझ्या आईची पीडी ५५ आहे.

आमच्याकडचा हेडसेट म्हणजे २०२० च्या ऑक्टोबरात बाजारात आलेला क्वेस्ट २. भाच्याने शिकागोहून येताना आणला होता. खेळांसाठी तो फारसा वापरला जात नाही. आई ८१ वर्षांची आहे. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर तिचं गुहागरकडे जाणं थांबलं. तिथलं घर विकलं गेलं आणि नव्या मालकांनी ते पाडलं. त्याआधी दोन दिवस राहून मी पडवी, माजघर, विहीर, पोफळीची बाग असं सगळं ३६० अंशांच्या कॅमेऱ्याने चित्रित करून ठेवलं. पुण्यात चौथ्या मजल्यावर बसून आई ते हेडसेटमधून बघते. पण दहा मिनिटं झाली की तिचं डोकं चढतं. "कडेचं सगळं पुसट दिसतं, आणि विहीर भिंतीवर रंगवल्यासारखी वाटते," अशी तिची तक्रार. नवा हेडसेट घेतला तर यातलं काय सुधारेल, एवढंच मला शोधायचं होतं.

जाहिरात पिक्सेलपासून सुरू होते, म्हणून तिथूनच बघू. क्वेस्ट २ मध्ये प्रत्येक डोळ्यासाठी १८३२ गुणिले १९२० पिक्सेल आहेत. २०२३ च्या ऑक्टोबरात आलेल्या क्वेस्ट ३ मध्ये २०६४ गुणिले २२०८. हे आकडे नुसते पाहून काही कळत नाही. नजरेच्या एका अंशात किती पिक्सेल बसतात, ते विचारावं. क्वेस्ट २ मध्ये ते साधारण २०, क्वेस्ट ३ मध्ये २५. निरोगी डोळ्याला एका अंशात साधारण ६० पर्यंतचा बारकावा कळतो, म्हणजे दोन्ही यंत्रं अजून बरीच मागे आहेत. आता आमच्या चित्रणाचा हिशेब. कॅमेऱ्याने पूर्ण वर्तुळासाठी आडवे ५७६० पिक्सेल टिपले. भागिले ३६० अंश : एका अंशात १६. जुन्या हेडसेटचा पडदा २० दाखवू शकतो आणि आमच्याकडे दाखवायला १६ च आहेत! पडदा कितीही बारीक केला तरी माजघरातल्या फडताळावरच्या बरण्यांची अक्षरं वाचता येणार नाहीत, कारण ती कॅमेऱ्यातच उतरलेली नाहीत. पुन्हा चित्रण करायला घर उरलेलं नाही.

विहीर सपाट दिसते, त्यालाही हेडसेट जबाबदार नाही. खोली कळते ती दोन डोळ्यांना किंचित वेगवेगळी चित्रं मिळतात म्हणून. चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ साली आरशांचं उपकरण करून हे दाखवून दिलं. आपल्यापैकी कित्येकांनी लहानपणी व्ह्यूमास्टरमध्ये गोल चकत्या घालून ताजमहाल पाहिला असेल. त्या चकतीवर १४ चित्रं असत आणि दृश्यं मात्र ७, कारण प्रत्येक दृश्याच्या दोन प्रती लागत. माझा कॅमेरा सगळ्या दिशा टिपतो, पण एकाच जागेवरून. आईच्या दोन्ही डोळ्यांना तेच चित्र जातं. पन्नास वर्षांपूर्वीचा प्लॅस्टिकचा डबा या बाबतीत माझ्या चित्रणाच्या पुढे होता.

उरल्या त्या पुसट कडा आणि डोकेदुखी. इथे मात्र भिंगांत शिरावं लागतं. पडदा डोळ्यापासून काही सेंटिमीटरवर असतो. इतक्या जवळचं डोळ्याला स्पष्ट दिसत नाही. मधलं भिंग ते चित्र एक-दोन मीटरवर असल्यासारखं करून देतं. असं भिंग अखंड काचेचं केलं तर जाड आणि जड होईल. फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रेनेल यांनी दीपगृहांसाठी यावर उपाय काढला होता : भिंगाची वक्रता ठेवायची, मधला भराव काढून टाकायचा आणि वर्तुळाकार पायऱ्या करायच्या. १८२३ साली कॉर्दुआँच्या दीपगृहात ते भिंग बसलं. क्वेस्ट २ मध्ये त्याच जातीचं प्लॅस्टिकचं भिंग आहे. दीपगृहाला प्रकाश फक्त लांब फेकायचा असतो, चित्र दाखवायचं नसतं. चित्र पाहताना पायऱ्यांच्या कडांवर प्रकाश विखुरतो, काळ्या पार्श्वभूमीवर पांढरे फराटे उठतात, आणि नितळ दिसणारा भाग मध्यावरच राहतो. बाहुली बरोबर त्या मध्यासमोर हवी.

क्वेस्ट २ ची भिंगं तीनच खाचांवर बसतात : ५८, ६३, ६८. आईची ५५. म्हणजे प्रत्येक डोळा मध्यापासून दीड मिलिमीटर आत. ऐकायला नगण्य वाटतं, पण नितळ भागच लहान असला की दीड मिलिमीटरही जाणवतो.

क्वेस्ट ३ मधलं भिंग वेगळं आहे. त्याला पॅनकेक म्हणतात. ध्रुवीकरण आणि अर्धपारदर्शक आरसा वापरून प्रकाशाला त्याच फटीतून पुढे, मागे आणि पुन्हा पुढे असा तीनदा फिरवतात. त्यामुळे थोड्या जाडीत लांब वाट मिळते. किंमत मोजावी लागते ती प्रकाशाची. अर्धपारदर्शक आरशापाशी दोनदा निम्मा प्रकाश जातो, म्हणजे फार तर चौथा हिस्सा डोळ्यापर्यंत पोचतो, म्हणून पडदा तेवढा प्रखर ठेवावा लागतो. पण पायऱ्या नाहीत, फराटे जवळजवळ नाहीत, आणि कडेपर्यंत चित्र स्वच्छ. शिवाय अंतर चाकाने ५३ पासून ७५ पर्यंत हवं तिथे लावता येतं.

इथे स्वस्त पर्याय आड आला. क्वेस्ट ३एस २०२४ मध्ये २९९ डॉलरना बाजारात आला, तर क्वेस्ट ३ ची किंमत बाजारात आला तेव्हा ४९९ होती. भाच्याचं मत ३एस घ्यावा असं होतं, आणि त्याच्यापुरतं ते बरोबर होतं. त्यात प्रोसेसर नवाच आहे, आणि 'बॅटमॅन : अरखम शॅडो'सारखे खेळ क्वेस्ट २ वर चालतच नाहीत. पण ३एस ची भिंगं फ्रेनेलच आहेत, खाचाही त्याच तीन, पडद्याचे पिक्सेलही क्वेस्ट २ इतकेच. आईला ज्या दोन गोष्टी हव्या होत्या, नेमक्या त्याच यात नाहीत. नाव नवं असलं तरी तिच्या डोळ्यांना तो जुनाच ठरला असता.

वजनाबद्दल एक बारीक मुद्दा. क्वेस्ट २ चं वजन ५०३ ग्रॅम आणि क्वेस्ट ३ चं ५१५, म्हणजे नवा थोडा जडच. तरी भिंग पातळ झाल्याने ते वजन चेहऱ्याच्या अधिक जवळ आलं आहे, आणि मानेला जाणवतो तो वजन गुणिले अंतर हा हिशेब. भौतिकशास्त्र शिकवताना मी हे दाराच्या बिजागरीवरून सांगत असे.

आणखी एक गोष्ट मी आधी हिशेबात धरली नव्हती, ती आईने लक्षात आणून दिली. भाच्याच्या मित्राचा क्वेस्ट ३ आम्ही एका रविवारी मागून आणला. चाक फिरवताना डोळ्यांसमोर आकडा दिसत होता. ५५ वर थांबवला. क्वेस्ट २ घातला की बाहेरची खोली करड्या, दाणेदार सावल्यांसारखी दिसते. यात रंगीत दिसते. चित्रण सुरू करण्याआधीच आई म्हणाली, "अगो, तू दिसत्येस की मला." अंधारात कोंडल्यासारखं होतं, हे तिने तोवर सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी ती पंचवीस मिनिटं बसली. विहीर सपाटच होती, बरण्यांची अक्षरं नव्हतीच. पण मान न वळवता नुसते डोळे फिरवून तिला पडवीच्या टोकाचा झोपाळा दिसला.

आम्ही क्वेस्ट ३ घेतला. क्वेस्ट २ भाच्याकडे गेला. त्याची पीडी ६३ आहे.