कासवाचे ऊन

‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ अशी आपल्याकडे एक म्हण आहे. माणसाच्या तोकड्या आवाक्याला आपण ती लावतो. परंतु सरडा कुंपणावर जातो कशासाठी, याचा विचार म्हण रचणाऱ्याने केला होता की नाही, कोण जाणे. सकाळी आठ-नऊच्या सुमारास पाहावे, तर कुंपणाच्या सर्वांत वरच्या काडीवर, सूर्याकडे अंगाची एक बाजू करून तो निश्चल बसलेला असतो. तो ऊन खात असतो. ‘ऊन खाणे’ हा आपला शब्दप्रयोग सरड्याच्या बाबतीत अक्षरशः खरा आहे. आपण जे अन्न खातो, त्यातला फार मोठा भाग केवळ शरीर ऊबदार राखण्यात खर्च होतो. सरडा, साप, कासव यांना ही ऊब बाहेरून, फुकट मिळते. त्यामुळे तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याला जेवढे अन्न लागते, त्याच्या साधारण दहाव्या हिश्शावर त्यांचा निर्वाह होतो.

पाठ्यपुस्तके या प्राण्यांना ‘शीतरक्ताचे’ म्हणतात. हा शब्द फसवा आहे. काउल्स आणि बोगर्ट या दोन अमेरिकन संशोधकांनी वाळवंटातील सरपटणाऱ्या प्राण्यांचा अभ्यास करून १९४४ साली दाखवून दिले, की उन्हातून सावलीत आणि सावलीतून उन्हात ये-जा करीत हे प्राणी आपले तापमान मोठ्या काटेकोरपणे राखतात. उन्हात तापलेल्या सरड्याचे रक्त आपल्या रक्ताइतकेच ऊन असू शकते. त्याच्यापाशी नाही ती शेगडी. ती कशी वापरावी याचे ज्ञान मात्र त्याला पुरेपूर आहे.

आता अशा प्राण्याला आपण काचेच्या पेटीत ठेवले, की त्याची ती ये-जा बंद होते आणि सूर्याची जबाबदारी आपल्यावर येते. येथे एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण मी सरकारी माणूस आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये आपल्या देशातील कासवे, घोरपडी, साप घरात बाळगणे हा गुन्हा आहे. पाठीवर चांदण्या असलेले ते सुंदर कासवही त्याला अपवाद नाही. परदेशी प्राण्यांपैकी जे आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या कराराखालील यादीत आहेत, त्यांची नोंदणी २०२२ च्या दुरुस्तीने आवश्यक केली आहे. आपल्या शहरांत जे पाळले जाते, ते बहुधा कानामागे तांबडा पट्टा असलेले, मूळ मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातील कासव. दुकानात ते रुपयाएवढे दिसते. पुढे ताटलीएवढे होते आणि वीस-तीस वर्षे जगते. कंटाळून ते तळ्यात सोडू नये, कारण जगातील सर्वांत उपद्रवी शंभर आगंतुक जीवांच्या यादीत त्याचे नाव आहे.

रत्नागिरीत किंवा चेन्नईत या कासवाच्या उबेची फारशी विवंचना नाही. प्रश्न येतो तो दिल्ली, चंदीगड, लखनौ येथे राहणाऱ्या आपल्या मंडळींना. पौषातल्या थंडीत घरातल्या टाकीचे पाणी पंधरा अंशांपर्यंत उतरते. या कासवाला पाणी चोवीस ते सत्तावीस अंश आणि ऊन खाण्याची जागा बत्तीस ते पस्तीस अंश लागते. तेवढे न मिळाल्यास पचन मंदावते, ते अन्नाला तोंड लावीत नाही, रोगप्रतिकारशक्ती खालावते आणि फुप्फुसाचा विकार होऊन ते पाण्यात एका कुशीवर कलते. मालकाला वाटते, ते झोपले आहे.

दिल्लीतील आमच्या एका शेजाऱ्यांनी कासवासाठी दोन हजार वॅटचा हीटर लावून सगळी खोली तापवली होती. दहा तास असा हीटर चालला की वीस युनिटे जळतात. त्याऐवजी पन्नास वॅटचा एक दिवा टाकीतल्या एका दगडावर दहा तास ठेवला, तर अर्धे युनिट पुरते. चाळीसपट अंतर! पण माझा मुद्दा केवळ बिलाचा नाही. सबंध तापलेली खोली कासवाला हिताचीही नाही, कारण तिच्यात निवड नाही. एक कोपरा ऊन, दुसरा थंड, आणि मधली वाट मोकळी, एवढे त्याला हवे असते. किती तापायचे ते त्याचे ते ठरवील. प्राण्याची गरज आणि विजेची बचत या दोन गोष्टी येथे एकमेकींच्या आड येत नाहीत. त्या एकच आहेत.

हे तत्त्व नवे नाही. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील सरपटणाऱ्या प्राण्यांचे गृह १९२७ साली उघडले. त्याची योजना जोन प्रॉक्टर या विदुषीची. सगळी इमारत सारखी तापवण्याऐवजी तिने निरनिराळ्या पिंजऱ्यांना विजेची निरनिराळी ऊब दिली, प्रेक्षकांचा मार्ग अंधारा ठेवून प्रकाश प्राण्यांवर पाडला, आणि सूर्याचे जंबुपार किरण आत येऊ देणारी खास काच बसवली. १९३१ साली अवघ्या चौतिसाव्या वर्षी ती निवर्तली. तिचे गृह मात्र पुढे कित्येक दशके वापरात राहिले.

त्या खास काचेचे प्रयोजन समजून घेण्याजोगे आहे. जंबुपार किरणांचा ‘यूव्हीबी’ नावाचा एक पट्टा कातडीवर पडला, की तेथे ड जीवनसत्त्व तयार होऊ लागते. त्यावाचून अन्नातले कॅल्शियम हाडांत आणि कवचात मुरत नाही. मग कवच मऊ पडते, जबडा वाकतो, पाय लुळे होतात. साध्या खिडकीची काच हे किरण जवळजवळ सगळे अडवते. म्हणून खिडकीशी ठेवलेल्या टाकीत लख्ख उजेड असूनही कासव त्यांना पारखे राहू शकते. शिवाय हे जीवनसत्त्व बनण्याची शेवटची पायरी उबेवर अवलंबून आहे. गार कातडीत ती रेंगाळते. तेव्हा ऊब आणि हे किरण एकाच दगडावर, एकाच वेळी पडले पाहिजेत. यूव्हीबीची नळी वेगळी मिळते. तिच्याखाली काच किंवा प्लॅस्टिक ठेवू नये, आणि तिचा उजेड तसाच दिसत असला तरी किरण क्षीण होत जातात, म्हणून उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत ती बदलावी.

उबेसाठी कोणता दिवा? येथे एक गंमत आहे. जुन्या तारेच्या दिव्यात विजेचा जेमतेम विसावा हिस्सा प्रकाश होतो, बाकी उष्णता. म्हणूनच २०१५ पासून सरकारने ‘उजाला’ योजनेखाली एलईडी दिवे कोट्यवधींच्या संख्येने घरोघरी पोचवले, आणि ते योग्यच झाले. परंतु कासवाच्या दगडावर ती ‘वाया जाणारी’ उष्णताच आपल्याला हवी असते. तेथे तारेचा किंवा हॅलोजनचा दिवा काटकसरीचा ठरतो, आणि उर्वरित टाकीच्या उजेडासाठी एलईडी. दिवा वरून टांगावा, कासवाला त्याला स्पर्श करता येऊ नये. सूर्यही वरूनच तापतो. रात्री सर्व दिवे मालवावेत. कासवालाही रात्र लागते, आणि हे काम दहा-बारा तासांचे एक साधे टायमर न विसरता करते.

खरी वीज खाते ते पाणी. शंभर लिटर पाणी दहा अंशांनी तापवायला सव्वा युनिटाच्या आत-बाहेर वीज लागते; ती एकदाच लागली असती तर प्रश्न नव्हता. पण एक लिटर पाणी वाफ होऊन उडाले, की सुमारे दोन तृतीयांश युनिटाची उष्णता घेऊन जाते. म्हणून पाण्याच्या भागावर झाकण असावे, दगडाचा भाग जाळीने उघडा ठेवावा. म्हणजे हवा खेळते आणि किरणही अडत नाहीत. टाकीच्या मागे, खाली आणि दोन बाजूंना बाहेरून थर्मोकोल लावावा. आत लावल्यास कासव तो खाते! हीटरला थर्मोस्टॅट असलाच पाहिजे, आणि तापमान हाताने अजमावू नये. दोन टोकांना दोन तापमापके ठेवावीत.

आणि आपल्या देशात सूर्य आहेच. हिवाळ्यातल्या निरभ्र दुपारी कासवाला पसरट घमेल्यात, थोडे पाणी आणि अर्ध्या भागावर सावली ठेवून गच्चीत अर्धा तास न्यावे. घारी-कावळ्यांवर नजर असावी. काचेची टाकीच उचलून उन्हात ठेवणे मात्र घातक, कारण ती भट्टीसारखी तापते आणि आतल्या जिवाला पळायला जागा नसते. रात्री वीज गेली, तर टाकीभोवती घोंगडी गुंडाळावी, हवेपुरती फट ठेवावी आणि पाणी पुन्हा ऊन होईपर्यंत खायला घालू नये. काही तासांचा गारवा निरोगी कासव सोसते; पोटात न पचलेले अन्न मात्र त्याला सोसत नाही.