पुस्तकातला चौकोन आणि घरातला एकच मोबाईल

आज आपल्या मुलाचे बालभारतीचे पुस्तक हातात घेऊन जरा उघडून पाहा. धड्याजवळ काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक लहानसा चौकोन छापलेला दिसेल. कित्येक पालकांना तो सरकारी शिक्का वाटतो. तो आहे क्यूआर कोड. केंद्र शासनाचे 'दीक्षा' हे मोफत अ‍ॅप मोबाईलमध्ये घ्यायचे आणि त्यातून कॅमेरा या चौकोनावर धरायचा, की त्या धड्याच्या चित्रफिती आणि सरावाचे प्रश्न समोर येतात. त्यासाठी एक पैसाही लागत नाही.

ही वाट कुण्या बड्या कंपनीने दाखवली नाही. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात परितेवाडी नावाचे लहान गाव आहे. तेथील जिल्हा परिषदेच्या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजी २००९ साली रुजू झाले, तेव्हा शाळेच्या पडक्या इमारतीच्या एका बाजूला गुरांचा गोठा आणि दुसऱ्या बाजूला सामानाची खोली होती. गुरुजींनी तेथे पुस्तकात क्यूआर कोड चिकटवून शिकवायला सुरुवात केली. पुढे महाराष्ट्र शासनाने ती कल्पना राज्याच्या पुस्तकांत आणली. २०२० च्या डिसेंबरमध्ये गुरुजींना दहा लाख डॉलर्सचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यांनी त्यातील निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. जिल्हा परिषदेच्या शाळेला नाक मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आता आमच्या हिंजवडीकडे या. मुळशी तालुक्यातील हिंजवडी, माण या गावांच्या शेतजमिनीवर राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभे राहिले. देशोदेशीच्या कंपन्यांचे संगणक येथे रात्रंदिवस चालतात. त्या संगणकांवरची धूळ पुसणाऱ्या, त्या गेटवर बारा-बारा तास उभे राहणाऱ्या, कँटीनमध्ये भांडी घासणाऱ्या माणसांत आपले समाजबांधव आणि भगिनी किती आहेत, हे आपणांस सांगायला नको. मराठवाड्यातून, विदर्भातून पोटासाठी आलेली ही कुटुंबे भाड्याच्या एका खोलीत राहतात. घरात मोठा मोबाईल एकच. तो वडिलांबरोबर ड्युटीवर जातो, कारण सुपरवायझरचा निरोप त्यावरच येतो. दुसरी पाळी असली म्हणजे वडील रात्री साडेअकराला घरी येतात, तोवर मूल झोपलेले असते. सुटीच्या दिवशी मोबाईल घरी राहिलाच, तर आधी तो मुलाच्या हातात जातो. मुलगी भांडी घासून, धाकट्याला झोपवून येते, तेव्हा बॅटरी संपलेली असते.

२०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि शासनाने 'शाळा बंद पण शिक्षण सुरू' म्हटले. तेव्हा ज्या घरात मोबाईल नव्हता त्या घरातले शिक्षण खरोखरच बंद होते. साधन मोफत आहे, पण ते आपल्या लेकराच्या हातापर्यंत पोचते का, हा प्रश्न आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो.

बाबासाहेबांच्या शालेय जीवनातला एक प्रसंग आपल्या घराघरांत सांगितला जातो. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात शिक्षकांनी भीमरावांना गणित सोडवायला फळ्याकडे बोलावले, आणि फळ्यामागे ठेवलेले जेवणाचे डबे विटाळतील म्हणून सवर्ण मुलांनी ते उचलायला धाव घेतली. फळा हेदेखील त्या काळचे शिक्षणाचे साधनच होते आणि ते शाळेत उपलब्धही होते. आज डबे कोणी हलवत नाही. पण हिंजवडीतल्या एका वर्गात ज्याच्याकडे स्वतःचा मोबाईल आहे त्याचाच गृहपाठ ग्रुपवर तपासला जातो आणि बाकीची मुले माना खाली घालून बसतात, असे दोन मातांनी आम्हांला सांगितले. फळ्यापर्यंत जाण्याची वाट अशीही अडवता येते.

यावर उपाय खर्चाचे नाहीत. दीक्षा अ‍ॅपमधील धडे एकदा उतरवून घेतले की पुढे इंटरनेटशिवाय चालतात आणि एका मोबाईलवरून दुसऱ्या मोबाईलवर पाठवताही येतात. शिक्षकांनी आठवड्याचे धडे शाळेत उतरवून वर्गात सर्वांना मिळून दाखवावेत. टीव्ही संच किंवा प्रोजेक्टर असेल तर उत्तमच. संध्याकाळी बुद्धविहारात वंदनेनंतर एक तास एक मोबाईल मध्ये ठेवून पाच-सहा मुले बसली तरी काम होते. पुस्तक फाटले वा हरवले तर बालभारतीच्या संकेतस्थळावर ते पूर्ण पुस्तक विनामूल्य मिळते.

सर्वात साधे साधन म्हणजे मोबाईलमधील आवाज नोंदवण्याची सोय. मुलाने एक पान मोठ्याने वाचायचे, नोंदवायचे आणि स्वतःच ऐकायचे. कोठे अडखळलो ते मुलाला स्वतःलाच कळते. ज्या आईला अक्षरओळख नाही तिलाही आपले लेकरू सलग वाचते की तुटक, हे कानाने समजते. आमच्या मते हे शंभर चित्रफितींपेक्षा जास्त कामाचे आहे. वरच्या वर्गांसाठी अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाने २००२ पासून तयार केलेले 'फेट' हे विज्ञान-गणिताचे प्रयोग मोफत आहेत आणि त्यांतील कितीतरी मराठीतही आहेत. तारा आणि बल्ब जोडून वीजमंडल कसे पूर्ण होते ते पडद्यावर करून पाहता येते. ज्या शाळेत प्रयोगशाळेला कुलूप असते तेथील मुलांना याचा उपयोग आहे.

आणि मोबाईल मुळीच नसेल तर? सोलापूरच्या नीलमनगरमध्ये कापडधंद्यातील कामगारांची वस्ती आहे. कोरोनाच्या टाळेबंदीत तेथील शिक्षकांनी वस्तीतल्या घरांच्या बाहेरच्या भिंतींवर पाठ्यपुस्तकातले धडे, पाढे आणि व्याकरण रंगवले. मुले गल्लीत अंतर ठेवून उभी राहिली आणि शिकली. आपल्या विहाराच्या कुंपणाची भिंत कोरी असेल तर रंगाचा एक डबा पुरे.

एक सावधगिरीची गोष्ट. मुलाला हुशार करून देतो म्हणून हप्त्यावर टॅब आणि अ‍ॅप विकणारे लोक कामगार वस्त्यांतही फिरतात. कागदावर सही घेतली जाते ती बहुधा कर्जाच्या अर्जावर. हप्ता चुकला की दंड लागतो आणि बँकेत नाव खराब होते. आम्ही वाणिज्य शाखेचे आणि दिवसभर कारकुनी करणारे, म्हणून सांगतो की सहीपूर्वी एकूण रक्कम किती आणि परत करण्याची मुदत किती, हे दोन आकडे लिहून मागावेत. ते लिहून देत नसतील तर दार लावून घ्यावे.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती ठेवली आहे. तिच्यात किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात आणि वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा असते. शाळेला आलेल्या अनुदानाचा वापर पाहण्याचा अधिकार या समितीला आहे. तेव्हा पुढच्या बैठकीला जाऊन विचारावे : शाळेत टीव्ही वा संगणक आहे का, तो चालू आहे की कपाटात आहे, आठवड्यातून किती तास कोणत्या वर्गाला मिळतो, आणि ज्यांच्या घरी मोबाईल नाही त्या मुलांचा गृहपाठ कसा तपासला जातो. विचारलेले आणि मिळालेले उत्तर बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घ्यावे, खाली सही करावी, आणि वडिलांची ड्युटी असेल तर आईने जावे.