मोटर कोणाचे ऐकते?



आपल्यापैकी काहींचे बिऱ्हाड भेस्तानला आणि शेत नवापूर-नंदुरबारकडे. विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीत सिमकार्ड बसवले की इथून फोन लावून तिथली मोटर सुरू करता येते. रात्रीची पायपीट वाचते, गाडीभाडेही वाचते. सोय मोठी आहे. परंतु जी मोटर आपले दुरून ऐकते, ती दुसऱ्याचेही ऐकू शकते, याकडे आम्ही आपले लक्ष वेधतो.

ऑस्ट्रेलियातील मरूची येथे सांडपाण्याचे पंप रेडिओ-संदेशावर चालत. ती यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीत पूर्वी काम केलेल्या एकाला तेथील नगर-परिषदेने नोकरी नाकारली. २००० साली त्याने रेडिओवरून खोटे हुकूम सोडले आणि सुमारे ८ लाख लिटर मैलापाणी बागांत व ओढ्यांत गेले. पंप धडधाकट होते. मिळालेला हुकूम त्यांनी पाळला, इतकेच.

आपल्या जवळचे उदाहरण न्हावा शेवा बंदराचे. जून २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या संगणक-विषाणूने तेथील एक टर्मिनल ठप्प केले. क्रेन शाबूत होत्या, पण कामाची सूत्रे हलवणारे संगणकच बंद पडले. तेव्हा माणसांनी हातानेच काम पुढे रेटले.

आपल्या मोटरीसाठी एवढे करावे:

१. कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. एकाच बनावटीच्या अनेक पेट्यांना तो सारखाच असतो.

२. पेटीत फक्त घरच्यांचे नंबर नोंदवावेत. वाटेकरी किंवा मिस्त्री बदलला की त्याचा नंबर काढून पासवर्ड पुन्हा बदलावा.

३. सिमचा नंबर पेटीवर लिहून ठेवू नये. पेटीला कुलूप असावे.

४. पाणी आटल्यावर मोटर आपोआप बंद करणारी सोय जोडून घ्यावी. कोरडी चाललेली मोटर जळते.

५. हाताने चालू-बंद करण्याची सोय कायम ठेवावी आणि ती घरातल्या सर्वांना शिकवावी.

सर्वांत महत्त्वाचे हे की, दुरुस्तीसाठी विहिरीत उतरण्यापूर्वी मेन स्विच पाडून फ्यूज काढावेत आणि ते खिशात ठेवावेत. 'मी फोन करणार नाही' या घरच्यांच्या शब्दावर विसंबू नये. फोन भलताच कोणी करील, आणि खाली माणूस आहे हे मोटरीला कळत नाही.