भूकंपानंतरचे धक्के कुठे बसतात?

मोठा भूकंप होऊन गेला की त्या परिसरातला ताण ओसरतो, असे मानले जाते. ते अर्धेच खरे आहे. ताण उतरतो तो मुख्यतः सरकलेल्या प्रस्तरभंगावर. भोवतालच्या खडकात मात्र त्याची फेरवाटणी होते. भंगाच्या टोकांपाशी आणि बाजूच्या काही पट्ट्यांत तो वाढतो, इतर पट्ट्यांत घटतो. म्हणून नंतरचे धक्के केंद्राभोवती गोल रिंगणात बसतात, ही समजूतही टिकत नाही.

दक्षिण कॅलिफोर्नियातल्या लँडर्सला २८ जून १९९२ च्या पहाटे ७.३ तीव्रतेचा भूकंप झाला. वाळवंटात सत्तरएक किलोमीटर लांब भेग पडली आणि काही ठिकाणी जमीन सहा मीटरपर्यंत बाजूला सरकली. जेमतेम तीन तासांनी पश्चिमेकडे बिग बेअरला सुमारे ६.५ तीव्रतेचा धक्का बसला, तोही वेगळ्याच प्रस्तरभंगावर. जेफ्री किंग, रॉस स्टाइन आणि जियान लिन यांनी १९९४ मध्ये याचे गणित मांडले. भंगाच्या पृष्ठावर सरकवणारा जोर किती वाढला आणि दोन्ही बाजूंना आवळून धरणारा दाब किती सैलावला, या दोन्हींचा त्यात एकत्र हिशेब होता. बिग बेअरपाशी ताण दोन-तीन बारने वाढला होता. नंतरचे बहुतेक धक्केही वाढीच्याच पट्ट्यांत बसले होते.

एवढ्याशा ताणाने काय होणार, ही शंका रास्त वाटते. पण ०.१ बारची वाढही परिणाम दाखवते. मीटरभर खोल पाण्याचा दाब साधारण तेवढाच असतो. हा ताण एकट्याने खडक फोडत नाही. आधीच सरकायच्या बेतात आलेल्या भंगाची वेळ तो अलीकडे आणतो. उलट, ताण घटलेल्या ‘सावली’त शांतता असते. सॅन फ्रान्सिस्कोच्या १९०६ च्या भूकंपानंतर तिथल्या उपसागराच्या परिसरात कित्येक दशके मोठे भूकंप विरळच झाले.

सगळेच धक्के या हिशेबात बसत नाहीत. लँडर्सनंतर साडेबाराशे किलोमीटरवरच्या यलोस्टोनमध्येही लहान भूकंप झाले. इतक्या दूर ताणातला कायमचा बदल नगण्य असतो. तिथे कारण ठरल्या त्या भूकंपाच्या जाणाऱ्या लहरी.

ताणाचा नकाशा म्हणजे भाकीत, हाही गैरसमजच. तुर्कस्तानातल्या इझमितजवळ पुढील तीस वर्षांत मोठा भूकंप होण्याची शक्यता १९९७ मध्ये १२ टक्के वर्तवली गेली होती. तो १७ ऑगस्ट १९९९ रोजी झाला. जागा बरोबर ठरली, पण तारीख त्या गणितात कुठेच नव्हती.