मोबाईल हाती आहे, वर्गात शिकायचे काय?

मोबाईल व संगणक यांचा शेतीत उपयोग कसा करावा, यावर एक-दोन दिवसांचे वर्ग हल्ली कृषी विज्ञान केंद्रे व कृषी खाते यांच्याकडून घेतले जातात. सदलगा व आसपासच्या आपल्या शेतकरी बंधुभगिनींनी अशा वर्गाला अवश्य जावे. मात्र काय विचारायचे ते घरूनच ठरवून जावे. नाहीतर ड्रोन उडताना पाहायचा, चहा घ्यायचा आणि परत यायचे, एवढेच होते.

शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातले वारणानगरचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तेथे १९९८ साली सहकारी साखर कारखान्याच्या परिसरातील सुमारे ७० गावे संगणकाने जोडण्याची योजना निघाली. पीकसल्ला, बाजारभाव, सरकारी योजना, सारे मराठीतून मिळावे असा हेतू होता. पण शेतकरी केंद्रावर येई तो मुख्यतः आपल्याच उसासाठी. वजन किती भरले? खात्यावर खत किती पडले? पुढे २००७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर येथील संशोधकांनी काही गावांत हीच माहिती साध्या मोबाईलवर संदेशाने पुरवून पाहिली, आणि संगणकावाचून काम भागले. शेतकऱ्याला स्वतःच्या मालाचा हिशेब हवा असतो, आणि त्यात काही वावगे नाही.

आपल्याकडेही ऊसच आहे. कारखान्यात आपलाच मोबाईल नंबर नोंदलेला आहे की इचलकरंजीला कामाला असलेल्या मुलाचा, हे आधी पाहावे. संदेशातील वजन व काट्याची पावती ताडून पाहावी आणि पावती जपून ठेवावी.

याहून महत्त्वाची गोष्ट पीक नोंदीची. २०१९ व २०२१ साली दूधगंगेचा पूर शेतांत शिरला, ते आपण विसरलेलो नाही. कर्नाटकात २०२० पासून शेतकऱ्याला आपल्या पिकाची नोंद स्वतः मोबाईलवर करता येते. त्या सर्व्हे नंबरात उभे राहून पिकाचा फोटो काढायचा असतो. पीकविमा व नुकसानभरपाई देताना ही नोंद पाहिली जाते. शेतात ऊस आणि नोंदीत सोयाबीन असेल तर पुरानंतर कचेरीचे हेलपाटे ठरलेलेच. हे काम कन्नडमध्ये चालते, म्हणून ज्यांना ती लिपी येत नाही त्यांनी कन्नड वाचणाऱ्या मुलाला किंवा सुनेला बांधावर सोबत न्यावे. रविवारच्या मिस्सानंतर आपल्या तरुणांनी वडीलधाऱ्यांसोबत अर्धा तास बसले तरी पुष्कळ होईल.

दुसरे, 'फ्रूट्स' या यादीतील आपला शेतकरी क्रमांक. त्याला सगळे सर्व्हे नंबर जोडलेले आहेत का, हे होबळीच्या रयत संपर्क केंद्रात विचारावे. जमीन अजून मयत वडिलांच्या नावावर असेल तर आधी वारसा नोंद करून घ्यावी. मोबाईल कितीही भारी असला तरी उताऱ्यावर नाव नसेल तर त्याचा उपयोग नाही.

आरोग्याचेही थोडे. हवामान खात्याच्या 'मेघदूत' वर वाऱ्याचा वेग व पावसाचा अंदाज मिळतो. तो पाहूनच फवारणीचा दिवस ठरवावा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. वारा सुटला असता पंप पाठीवर घेऊ नये, तोंडावर फडके व हातात मोजे असावेत, आणि त्या हातांनी तंबाखू मळू नये.

ज्यांच्याकडे साधाच फोन आहे त्यांनी १८००-१८०-१५५१ हा किसान कॉल सेंटरचा नंबर लिहून ठेवावा. पैसे पडत नाहीत. 'पीएम-किसानचा हप्ता अडकला, ही फाईल उघडा' असा निरोप आला तर ती फाईल उघडू नये. ओटीपी कोणालाही सांगू नये. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० ला कळवावे.

आपल्यापैकी काहीजण दुसऱ्याची जमीन फाळ्याने करतात. त्यांच्यासाठी या वर्गांत फारसे काही नसते, हे खेदाने लिहावे लागते. पीक त्यांचे, पण भरपाई उताऱ्यावरच्या नावाने येते. म्हणून फाळा ठरवतानाच, पूर आला तर ती रक्कम कोणी किती घ्यायची, हे मालकाशी बोलून दोन साक्षीदारांसमोर लिहून ठेवावे.