धाप लागली म्हणजे रक्त वाढलं नव्हे

सातारा हिल हाफ मॅरेथॉन पळून आलेल्याला विचारा. यवतेश्वरच्या घाटात ‘ऑक्सिजन कमी पडला’, हे हमखास ऐकायला मिळतं. दोष चढाचा, हवेचा नव्हे. महाराष्ट्रात सर्वांत उंच कळसूबाई, तीही १६४६ मीटर. दमावर ठळक परिणाम दिसू लागतो तोच साधारण १५०० मीटरच्या वर.

उंचावर हवेत ऑक्सिजनचं प्रमाण घटतं, हा समजही चुकीचा. ते लेहमध्येही मुंबईइतकंच, जवळपास २१ टक्के. घटतो हवेचा दाब, त्यामुळे फुप्फुसांतून रक्तात ऑक्सिजन कमी उतरतो. १९६८चं मेक्सिको सिटी ऑलिंपिक २२४० मीटरवर झालं. बॉब बीमनच्या ८.९० मीटर लांब उडीला विरळ हवेने हातभारच लावला. दहा हजार मीटरची शर्यत मात्र नफ्ताली टेमूने २९ मिनिटं २७ सेकंदांत जिंकली, आणि २७:३९चा विश्वविक्रम नावावर असलेला रॉन क्लार्क सहावा येऊन कोसळला.

आता आपला लाडका समज : ‘सियाचीनला राहिला म्हणून अविनाश साबळे एवढा पळतो.’ बीडच्या मांडव्याचा हा जवान सियाचीनला होता २०१३-१४मध्ये. स्टीपलचेसकडे वळला २०१७मध्ये. उंचावर वाढलेल्या तांबड्या पेशींचा फायदा खाली आल्यावर काही आठवड्यांतच ओसरतो. बर्फात मन घट्ट झालं असेल. रक्ताचं भांडवल इतकी वर्षं टिकत नाही. पुढे त्याने कोलोरॅडो स्प्रिंग्जला, सुमारे १८०० मीटरवर, मुद्दाम सराव केला, ती गोष्ट निराळी.

उंचावरच्या चार दिवसांच्या सहलीत रक्त वाढवणं साधत नाही. हिमोग्लोबिनमध्ये खरी भर पडायला तीनेक आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यातच रिपोर्टमधला आकडा चढला तर हुरळू नका; रक्तातलं पाणी घटून ते दाट झालेलं असतं. शरीरात लोह कमी असेल, तर तीन आठवडेही वाया.

सर्वांत महागात पडतं ते खालचं वेळापत्रक वर तसंच रेटणं. तोच वेग तिथे जास्त ताण देतो. वेग उतरवला, तर पाय मंदावतात. यावर लेव्हिन आणि स्ट्रे-गुंडरसन या संशोधकांनी १९९७मध्ये तोड दाखवली : मुक्काम २५०० मीटरवर, सराव १२५० मीटरवर. असे धावपटू नंतर ५००० मीटर अधिक वेगाने धावले. आणि ते तोंडाला बांधायचे ‘अल्टिट्यूड मास्क’? त्यांनी श्वास अडतो, हवेचा दाब आहे तोच राहतो.

लडाख मॅरेथॉनला नाव घातलंय? कमावलेला दम उंचीच्या त्रासापासून वाचवत नाही. लेहला उतरल्यावर पहिले दोन दिवस नुसती विश्रांती घ्या. डोकं ठणकलं, मळमळलं, तर बूट काढा आणि डॉक्टर गाठा.